तीन रंगांचा कारागीर : दादासाहेब फाळके

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वपरिचित आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईतील गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट प्रदर्शित झाला, ही घटना अनेकांना ठाऊक असते. मात्र त्या दिवशी फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. तोवर त्यांच्या आयुष्याची जवळजवळ वीस वर्षे कॅमेरा, अंधारखोली, ठसे आणि छपाईची शाई यांच्या सहवासात गेली होती. चित्रपटाच्या पडद्यावर ते आले ते रंगीत छपाईच्या दालनातून. ते दालन समजून घेतल्यावाचून त्यांचे पुढील कार्य अर्धेच समजते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव, म्हणजे दाजीशास्त्री फाळके, हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. आईचे नाव द्वारकाबाई. घराण्याची परंपरा वेदशास्त्राच्या अध्ययनाची असल्यामुळे मुलानेही त्याच वाटेने जावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु धुंडिराजांचा ओढा लहानपणापासून चित्रे काढणे, मूर्ती घडविणे, नाटके करणे आणि जादूचे प्रयोग दाखविणे यांकडे होता. वडिलांना अध्यापनासाठी मुंबईस यावे लागले आणि त्यामुळे मुलाचा मार्ग मोकळा झाला. १८८५ मध्ये धुंडिराजांनी सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढच्याच वर्षी ते वडील बंधू शिवरामपंत यांच्यासमवेत बडोद्यास गेले.

महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या काळातील बडोदे ही होतकरू तरुणांची पंढरी होती. १८९० मध्ये तेथे कलाभवन ही संस्था स्थापन झाली. हाताचे कौशल्य आणि आधुनिक विज्ञान यांची सांगड घालणारे शिक्षण देणे, हे तिचे उद्दिष्ट होते. तिचे प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे जाणकार होते आणि गुणी विद्यार्थ्याची पारख त्यांना चांगली होती. फाळके यांनी येथे तैलचित्रण, वास्तुकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण या साऱ्यांचे धडे घेतले. अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श रंगमंदिराच्या प्रतिकृतीस १८९२ मध्ये सुवर्णपदक मिळाले. गज्जर यांनी त्यांना रतलाम येथे बाबुलाल वरुवाळकर यांच्याकडे पाठविले. तेथे ते त्रिरंगी ठसे तयार करण्याची आणि छायाचित्र शिळेवर उतरविण्याची विद्या शिकले. त्या काळी ही विद्या जाणणारे भारतीय फारच थोडे होते.

त्रिरंगी ठसा म्हणजे काय, हे येथे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. छपाईच्या यंत्राला रंगछटा कळत नाहीत. शाई लावणे किंवा न लावणे, एवढेच त्याला कळते. मग गुलाबाची पाकळी, आंब्याचा मोहोर आणि पैठणीचा काठ एकाच कागदावर कसे उमटावेत? त्यासाठी मूळ चित्राचे तीन वेळा छायाचित्र घेतले जाई. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याच्या भिंगापुढे वेगळ्या रंगाची काच धरली जाई: एकदा लाल, एकदा हिरवी, एकदा निळी-जांभळी. स्वयंपाकघरातील गाळणी चहाचे पाणी खाली सोडते आणि चोथा अडविते. रंगीत काचही तसेच करते. आपल्या रंगाचा प्रकाश ती पलीकडे जाऊ देते आणि इतर रंगांचा प्रकाश अडविते. म्हणून तिला रंगाची गाळणी म्हणणे योग्य ठरते. लाल काचेतून घेतलेल्या प्रतिमेवरून जो ठसा बनतो, तो निळ्या शाईने छापतात. हिरव्या काचेचा ठसा किरमिजी शाईने आणि निळ्या काचेचा ठसा पिवळ्या शाईने. काचेने जो प्रकाश अडविला त्याची उणीव भरून काढणारी शाई, असा हा हिशेब आहे. तीन ठसे एकावर एक छापले गेले की कागदावर मूळचे सारे रंग पुन्हा अवतरतात.

सांगताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र ते कसोटी पाहणारे होते. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचपट्ट्या लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असत. त्यांवर विशिष्ट रंगद्रव्यांचा संस्कार करून त्यांना लाल रंग दिसेल असे करावे लागे आणि तरीही लाल काचेतून प्रकाश घेण्यास इतरांपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागे. फिकट-गडद छटा दाखविण्यासाठी सूक्ष्म रेघांची जाळी असलेली काच मध्ये ठेवून चित्राचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करीत. प्रत्येक रंगासाठी ही जाळी वेगळ्या कोनात फिरवावी लागे, नाहीतर ठिपक्यांची नको ती नक्षी चित्रावर उमटे. शेवटी तिन्ही ठसे एकमेकांवर अचूक बसले पाहिजेत. छापखान्यात याला रजिस्टर जुळणे म्हणतात. ते केसभर चुकले, तर चेहऱ्याच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळी किनार दिसू लागते. ओठ ओठांच्या जागी राहत नाहीत. असा कागद रद्दीत जातो.

योगायोगाची गोष्ट अशी, की ज्या दोषाला मुद्रक घाबरतो, त्याच दोषाचा गुण करून घेण्याची एक युक्ती नेमक्या याच काळात युरोपात सिद्ध झाली; आणि ती सिद्ध करणारा मनुष्य त्रिरंगी छपाईच्या प्रवर्तकांपैकीच एक होता. लुई ड्युको द्यु ओरों (१८३७–१९२०) हे त्याचे नाव. या फ्रेंच संशोधकाने १८६८ मध्ये तीन गाळण्यांतून रंगीत छायाचित्र मिळविण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले होते. पुढे १८९१ मध्ये त्याने सपाट कागदावरील चित्राला खोली देण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले.

आपले दोन डोळे एकमेकांपासून सुमारे सहा सेंटिमीटर अंतरावर असतात. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचे दृश्य किंचित वेगळे दिसते. हाताचे बोट नाकासमोर धरून एकेक डोळा आळीपाळीने मिटला, तर बोट जागा बदलते असे भासते. दूरचा डोंगर मात्र हलत नाही. जवळच्या वस्तूत फरक मोठा, दूरच्या वस्तूत लहान. या फरकावरूनच मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १८३८ मध्ये दाखवून दिले आणि दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखविणारा स्टिरिओस्कोप बनविला. पण त्यासाठी दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवावी लागत आणि उपकरणात डोकवावे लागे. द्यु ओरोंने ती दोन्ही चित्रे एकाच कागदावर, एकावर एक छापली: एक लाल शाईने, दुसरे निळ्या शाईने. उघड्या डोळ्यांना तो कागद रजिस्टर चुकलेल्या छपाईसारखाच दिसतो. परंतु एका डोळ्यापुढे लाल आणि दुसऱ्यापुढे निळी काच असलेला चष्मा लावला की चमत्कार घडतो. लाल काचेतून पाहताना पांढरा कागदही लालच दिसतो, त्यामुळे त्यावरच्या लाल रेषा त्यात विरून जातात आणि निळ्या रेषा तेवढ्या काळ्या होऊन उरतात. निळ्या काचेपुढे नेमके उलट घडते. एका कागदातून प्रत्येक डोळा आपापले चित्र गाळून घेतो, मेंदू त्यांची जुळणी करतो आणि सपाट कागदावरचा मनुष्य जणू कागदाबाहेर उभा राहतो. उठावाच्या कोरीव कामाला असलेल्या ग्रीक शब्दावरून या चित्रांना ॲनाग्लिफ हे नाव मिळाले. यातील मूळ तत्त्व विल्हेल्म रोलमन या जर्मन शास्त्रज्ञाने १८५३ मध्येच मांडले होते; छापील चित्रात ते आणले द्यु ओरोंने. रंगीत काच एकच. छापखान्यात ती तीन शाया वेगळ्या करते, चष्म्यात दोन डोळे वेगळे करते. भारतात १९८४ मध्ये पहिला त्रिमितीय चित्रपट, मल्याळम भाषेतील ‘माय डिअर कुट्टिचात्तन’, प्रदर्शित झाला, तेव्हा चष्म्याच्या काचा रंगीत नव्हत्या. त्या प्रकाशलहरींच्या दिशेनुसार प्रकाश गाळणाऱ्या होत्या. गाळणी बदलली, युक्ती तीच राहिली.

फाळके यांच्या वाट्याला मात्र या विद्येचे फळ लवकर आले नाही. १८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय सुरू केला. थोडा जम बसतो न बसतो तोच प्लेगची साथ आली. १९०० मध्ये त्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही दगावले. फाळके बडोद्यास परतले. तेथे छायाचित्रांचे दुकान थाटले, तर कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य घटवितो, अशी समजूत लोकांत पसरलेली होती. गिऱ्हाईक येईना. नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगविण्याचे काम त्यांनी केले. एका परदेशी जादूगाराकडून ते हातचलाखीचे प्रयोग शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने प्रयोग करू लागले. पाहणाऱ्याचा डोळा कशाला फसतो, याचे शिक्षण त्यांना अशा रीतीने दोन वाटांनी मिळाले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. गिरिजा करंदीकर या सासरी सरस्वतीबाई झाल्या.

१९०३ मध्ये फाळके यांना सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. नियमित वेतनाची ही नोकरी सोडण्याचे धाडस सहजी कोणी केले नसते. फाळके यांनी ती १९०६ च्या सुमारास सोडली. देशात तेव्हा स्वदेशीचे वारे वाहत होते आणि आपली विद्या आपल्याच उद्योगात लावावी, असे त्यांच्या मनाने घेतले होते. लोणावळ्यास त्यांनी ठसे व छपाईचा कारखाना काढला. जवळच मळवली येथे राजा रविवर्मा यांच्या नावाचा प्रसिद्ध छापखाना होता. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची जी चित्रे घरोघरी भिंतींवर लागली, ती येथे छापली जात. या शिळाछपाईत एकेका चित्रासाठी अनेक रंगांच्या अनेक शिळा लागत आणि त्या कुशल कारागीर हाताने तयार करीत. फाळके यांचा कारखाना या छापखान्यासाठी छायाचित्रे शिळेवर उतरविण्याचे काम करीत असे. हाताने घडविलेल्या शिळा आणि गाळणीतून मिळालेले ठसे, या दोन युगांच्या सीमेवर ते उभे होते.

पुढे कारखाना मुंबईस दादर येथे आला. पुरुषोत्तम मावजी हे भागीदार झाले आणि त्याचे नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे ठेवण्यात आले. रंगीत छपाईची आधुनिक यंत्रे खरेदी करण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीस गेले. ‘सुवर्णमाला’ या सचित्र प्रकाशनामुळे त्यांच्या कामाची वाखाणणी झाली. धंद्याला बरकत आली, पैसाही दिसू लागला. आणि नेमक्या या भरात भागीदारांशी मतभेद विकोपाला गेले. १९११ मध्ये फाळके आपणच उभारलेल्या कारखान्यातून बाहेर पडले. नवा छापखाना काढण्यासाठी भांडवल देऊ करणारे धनिक पुढे आले होते. त्यांना फाळके यांनी नकार दिला. चाळिशी उलटलेली, पदरी संसार, हातात काम नाही, अशी त्यांची अवस्था होती.

याच सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असताना त्यांच्या मनासमोर राम आणि कृष्ण येऊ लागले. आपल्याकडील देवकथा अशाच हलत्या चित्रांत का दिसू नयेत, हा विचार त्यांची पाठ सोडीना. दुसऱ्या वेळी ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. मग चित्रपटविषयक पुस्तके आणि सूचिपत्रके मागविणे, स्वस्तातील एक खेळण्यासारखे यंत्र आणून घरी प्रयोग करणे, दिवसाचे कित्येक तास चित्रपट पाहणे आणि रात्रीची झोप तीन-चार तासांवर आणणे, असा क्रम कित्येक महिने चालला. त्याचा परिणाम डोळ्यांवर झाला. दृष्टी अधू झाली आणि काही काळ तर ती जवळजवळ गेलीच. ज्या डोळ्यांनी केसभर सरकलेला ठसा ओळखावयाचा, शाईतील रतिभर फरक जाणावयाचा, त्याच डोळ्यांवर हे संकट आले होते. मुंबईतील डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांमुळे आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने त्यांना पुन्हा दिसू लागले. दिसू लागताच त्यांनी पहिला कोणता विचार केला असेल, तर इंग्लंडला जाण्याचा!

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांशी त्यांची ओळख झाली. या परक्या गृहस्थाने त्यांना प्रथम धंद्यातील धोके सांगितले. पण त्यांचा निर्धार पाहून निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठविले. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ मोकळेपणाने दाखविला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकची कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवून फाळके १ एप्रिल १९१२ रोजी मायदेशी परतले. भांडवल मिळविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो रुजून वाढत असताना थोड्या थोड्या अवधीने एकेक चित्र घेतले. पडद्यावर काही क्षणांतच अंकुर फुटून वेल वर चढताना दिसला. पाहणाऱ्यांची खात्री पटली. कर्ज मिळाले.

‘राजा हरिश्चंद्र’ची निर्मिती दादरच्या राहत्या घरी सुरू झाली. कच्ची फिल्म भोके न पाडलेली येई. ती अंधारात यंत्रात घालून भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणे, उन्हात पांढऱ्या चादरी धरून कलावंतांवर प्रकाश परावर्तित करणे आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हेही त्यांच्याकडेच होते. त्यांचे दागिने तर आधीच गेले होते. स्त्रीभूमिका करण्यास एकही स्त्री तयार होईना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास झाला फाळके यांचा मुलगा भालचंद्र.

त्या काळची फिल्म कृष्णधवल तर होतीच, शिवाय ती लाल रंगाला दाद देत नसे. कुंकवाची चिरी आणि तांबडे लुगडे तिच्यावर काळे पडत, तर निळे आकाश पांढरेफटक होई. म्हणूनच अंधारखोलीत लाल दिवा चाले. फिल्मला तो दिसतच नसे. जन्मभर रंग वेगळे करून पुन्हा एकत्र आणण्याची साधना करणाऱ्या माणसाला आता रंगावाचून काम भागवावयाचे होते. कोणता रंग किती काळा होईल, याचा अंदाज त्यांना नव्याने शिकावा लागला नसेल. त्यांच्या चौकटींच्या रचनेवर रविवर्मा यांच्या चित्रांची छाया अभ्यासकांना दिसते, याचे मूळही लोणावळ्याच्या त्या दिवसांत आहे.

सहा महिने सत्तावीस दिवसांत ३७०० फूट लांबीचा हा चित्रपट पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया सिनेमागृहात तो निमंत्रितांना दाखविण्यात आला आणि ३ मे रोजी सर्वांसाठी खुला झाला. पुढची कथा अनेक पुस्तकांत येऊन गेली आहे. नाशिकला स्थलांतर, ‘मोहिनी भस्मासुर’मधील दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकी, १९१७ मधील ‘लंकादहन’चे अपूर्व यश, १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीची स्थापना, ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झालेली कन्या मंदाकिनी, हे सारे त्यात आले. कंपनीतही भागीदारांशी पटेना, तेव्हा फाळके काशीस जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही काळाने ते कंपनीत परतले. परंतु पूर्वीची उभारी पुन्हा आली नाही. दरम्यान चित्रपट बोलू लागला आणि मूकपटाचे युग ओसरले.

१९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा आपला एकमेव बोलपट केला. तो कृष्णधवल होता. त्याच वर्षी अर्देशिर इराणी यांनी ‘किसान कन्या’ हा देशात तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट प्रदर्शित केला. त्यासाठी वापरलेल्या सिनेकलर पद्धतीत तीन नव्हे, दोनच रंगांत चित्र वेगळे केले जाई: एक तांबूस, दुसरा निळसर. ॲनाग्लिफच्या चष्म्यातील जोडीच जणू. त्रिरंगी ठशांचे काम जाणणारे फाळके तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते आणि नाशिकमध्ये निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. पुढील वर्षे त्यांनी तेथेच फारशा गाजावाजाविना घालविली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून भारत सरकारने चित्रपट क्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने देण्यास आरंभ केला आणि १९७१ मध्ये त्यांचे टपाल तिकीट निघाले.